लिव्ह अँड लायसन्स करार संपत आलाय? घरमालकाने नवा करार कसा करावा

महाराष्ट्रात घरभाड्याचा करार, म्हणजे बहुतेक वेळा लिव्ह अँड लायसन्स (भाडेकरूचा हक्क न देता ठरावीक मुदतीपुरती राहायची परवानगी), 'रिन्यू' करायचा म्हणजे जुन्या कागदावर नवी तारीख टाकायची, असं अनेक घरमालक धरून चालतात. तसं होत नाही. मुदत संपली की तो करार संपला. माणूस तोच, घर तेच, भाडंही तेच असलं तरी पुढच्या मुदतीसाठी नवा करार लिहावा लागतो, नवं मुद्रांक शुल्क भरावं लागतं आणि नवी नोंदणी करावी लागते. मुद्रांकावर दोन ओळी लिहून नोटरीकडून शिक्का मारून घेतला तर नोंदणीची गरज त्याने भागत नाही.

हे मी अनुभवाने शिकलो. आमच्या फ्लॅटमध्ये एक कुटुंब राहत होतं. माणसं सज्जन, भाडं दर महिन्याच्या पाच तारखेच्या आत. करार संपला तेव्हा मुलांच्या परीक्षा सुरू होत्या, मग सुट्ट्या लागल्या, मग पावसाळा. 'करू की सावकाश' म्हणता म्हणता चौदा महिने गेले. ते घर सोडून निघाले तेव्हा रंगाचे पैसे डिपॉझिटमधून कापायचे की नाही आणि वाढलेला मेंटेनन्स कोणी द्यायचा, यावर आमचं बिनसलं. त्यांच्या आठवणीत एक ठरलं होतं, माझ्या आठवणीत दुसरं. त्या चौदा महिन्यांसाठी माझ्या हातात कागद नव्हता. रक्कम फार मोठी नव्हती, पण चार वर्षांचं चांगलं नातं कडवट होऊन संपलं याचं मला आजही वाईट वाटतं. म्हणून दोन करारांच्या मधली ही फट पडूच नये, यावर या लेखात माझा सगळा भर आहे.

आधी कायदा, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हा कायदा ३१ मार्च २००० पासून लागू झाला. घरमालकाला त्यातली दोन कलमं तरी माहीत असायला हवीत.

पहिलं कलम ५५. घर भाड्याने किंवा लिव्ह अँड लायसन्सवर देण्याचा करार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे, असं ते सांगतं. नोंदणीची जबाबदारी घरमालकावर आहे. ब्रोकरवर नाही, भाडेकरूवरही नाही. नोंदणी केली नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षेची तरतूद आहे. पण मला शिक्षेपेक्षा त्याच कलमातली दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. लेखी नोंदणीकृत करार नसेल, तर घर कोणत्या अटींवर दिलं होतं याबद्दल भाडेकरू जे सांगेल ते ग्राह्य धरलं जातं, आणि ते खोटं आहे हे सिद्ध करण्याचा भार तुमच्यावर येतो.

दुसरं कलम २४. लायसन्सची मुदत संपल्यावर राहणाऱ्याने घराचा ताबा परत दिला नाही, तर घरमालक नेहमीच्या दिवाणी दाव्याच्या वाटेने न जाता थेट सक्षम प्राधिकाऱ्याकडे (अशा अर्जांसाठी शासनाने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे) अर्ज करू शकतो. समोरच्याला समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत बचाव करण्याची परवानगी मागावी लागते. मुदतीनंतरच्या काळासाठी ठरलेल्या भाड्याच्या दुप्पट दराने भरपाई मागता येते. लेखी करारात जे नमूद आहे ते निर्णायक पुरावा मानलं जातं. इतकं बळ तुमच्या बाजूला आहे, पण ते कागदातून येतं. शेवटचा करार दीड वर्षापूर्वी संपलेला, त्यानंतरही तुम्ही दरमहा भाडं घेत राहिलेले, अशा वेळी समोरचा वकील नेमकं त्याच फटीवर बोट ठेवणार.

घरमालकांच्या मनातली भीती कुठून आली तेही सांगतो, कारण घरातली वडीलधारी माणसं अजून त्याच भीतीने सल्ला देतात. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्यात १९७३ साली दुरुस्ती झाली आणि १ फेब्रुवारी १९७३ रोजी लायसन्सवर राहत असलेल्यांना भाडेकरूचं संरक्षण मिळालं. ज्यांनी 'तात्पुरतं' म्हणून घरं दिली होती त्यांची घरं अडकली. आजचा कायदा वेगळा आहे. नीट नोंदवलेल्या लिव्ह अँड लायसन्समध्ये राहणारा माणूस मुदतीनंतर संरक्षित भाडेकरू होत नाही.

आणि ते अकरा महिने? नोंदणी अधिनियम, १९०८ नुसार एक वर्षापेक्षा जास्त मुदतीचा भाडेपट्टा सक्तीने नोंदवावा लागतो. ती सक्ती टाळण्यासाठी देशभर अकरा महिन्यांची प्रथा पडली. महाराष्ट्रात कलम ५५ मुळे तिचा काही फायदा नाही. इथे करार अकरा महिन्यांचा असो वा साठ महिन्यांचा, नोंदणी करावीच लागते.

तीन महिने आधी: स्वतःशी ठरवा

कराराच्या शेवटच्या तारखेच्या नव्वद दिवस आधीची आठवण मोबाइलमध्ये लावून ठेवा. त्या दिवशी जुना करार काढून पूर्ण वाचा. शेवटची तारीख, नोटिशीचा कालावधी, डिपॉझिटचा आकडा, रंगकामाची अट, पार्किंग असं सगळं.

मग स्वतःला विचारा, हा माणूस आपल्याला पुढे हवा आहे का? भाडं दोन-तीन दिवस मागेपुढे होणं वेगळं आणि दर महिन्याला फोन करायला लागणं वेगळं. माझं मत स्पष्ट आहे. वेळेवर पैसे देणारा आणि घर जपणारा माणूस बाजारभावापेक्षा हजार-दीड हजार कमी देत असला तरी टिकवावा. घर एक महिना रिकामं राहिलं, पुन्हा रंग दिला, ब्रोकरला एक भाडं दिलं, की वर्षभराच्या वाढीतून मिळणारं सगळं त्यातच जातं.

घर परत हवं असेल, म्हणजे मुलाचं लग्न आहे, घर विकायचं आहे, तर तेही याच वेळी लेखी कळवा. नव्वद दिवस मिळाले तर कुणालाही दुसरं घर शोधता येतं. शाळेत जाणारी मुलं असलेल्या कुटुंबाला वर्षाच्या मध्येच घर सोडायला लावणं जिवावर येतं, म्हणून मी करार शक्यतो मे महिन्याच्या अखेरीस संपेल असा ठेवतो.

दोन महिने आधी: बोलणं

फोन करा, आणि बोलणं झालं की त्याच दिवशी मेसेज टाका. असा काहीसा:

'नमस्कार. आपला करार ३१ मे रोजी संपत आहे. आपण पुढे राहणार असाल तर आम्हाला आनंदच आहे. १ जूनपासून मासिक भाडं २०,००० रुपये आणि दुसऱ्या वर्षी २२,००० रुपये असं आमच्या मनात आहे. डिपॉझिट आहे तेच राहील. घरात काही दुरुस्ती हवी असेल तर तीही कळवा. १५ एप्रिलपर्यंत आपलं उत्तर मिळालं तर कागदपत्रं वेळेत करता येतील.'

उत्तराची तारीख घालायला विसरू नका. ती नसेल तर 'विचार करून सांगतो' यातच महिना जातो.

भाडेवाढीला लायसन्समध्ये कायद्याची टक्केवारी नाही. दोघांमध्ये ठरेल ती. साधारण ५ ते १० टक्के हा प्रघात आहे. आकडा सांगण्याआधी आपल्याच इमारतीतले दोन-तीन ताजे व्यवहार विचारून घ्या. संकेतस्थळांवर दिसतं ते मागितलेलं भाडं, ठरलेलं नव्हे. समोरच्याने दुरुस्तीची मागणी केली तर तिला वाढीशी जोडून बोला. गिझर बदलून देतो, खिडक्यांना जाळ्या लावून देतो, भाडं मात्र इतकं. अशा बोलण्यात दोघांचंही समाधान होतं.

सोशल मीडियावर फिरणाऱ्या 'नव्या भाडे कायद्या'च्या संदेशांबद्दलही एक खुलासा करतो. दोन महिन्यांपेक्षा जास्त डिपॉझिट घेता येत नाही वगैरे जे लिहिलेलं असतं ते केंद्राच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरार कायद्यातलं आहे. तो नमुना आहे. राज्याने स्वीकारल्याशिवाय तो लागू होत नाही.

घर पाहून या

नवा करार करण्याआधी घरात पाऊल टाकण्याची ही हक्काची वेळ असते. आधी वेळ ठरवून जा. न सांगता दारात उभं राहू नका. बाथरूमच्या भिंतीची दुसरी बाजू, स्वयंपाकघरातल्या सिंकखालचा भाग, खिडक्यांच्या कडेची ओल, मेन स्विच आणि गिझरचा प्लग पाहा. पंखे, दिवे, कपाटं, पडद्याचे रॉड, एसी, वॉटर प्युरिफायर यांची यादी जुन्या करारात असेल तर ताडून पाहा, नसेल तर आता करा. मोबाइलवर फोटो काढा आणि त्याच संध्याकाळी भाडेकरूलाही पाठवा, म्हणजे दोघांकडे एकच नोंद राहते.

त्याच भेटीत जुना हिशेब मिटवा. थकलेलं भाडं, वीजबिल, पाईप गॅसचं बिल, सोसायटीचा दंड काही असेल तर तो. नव्या करारात जुनी थकबाकी ओढून नेऊ नका. दोन कराराचे आकडे एकमेकांत मिसळले की पुढे कोणालाच धड सांगता येत नाही.

आणखी एक विचारा: आता घरात कोण कोण राहतं? सुरुवातीला नवरा-बायको होते, आता भाऊ शिकायला आलाय. किंवा एकत्र राहणाऱ्या चार मुलांपैकी दोन गेली आणि दोन नवी आली. गेलेल्या मुलाच्या नावाने करार चालू आणि राहणारा भलताच, ही परिस्थिती फार धोक्याची. नव्या करारात आत्ता राहणाऱ्यांचीच नावं हवीत.

मुदत किती ठेवावी

मी अकरा महिन्यांचा नाद सोडून दिला आहे. माणूस ओळखीचा झाला असेल तर २४ किंवा ३६ महिन्यांचा करार करा, दरवर्षीची वाढ त्यातच लिहा आणि दोन्ही बाजूंना एक किंवा दोन महिन्यांच्या नोटिशीची सोय ठेवा. दर अकरा महिन्यांनी नोंदणी फी, एजंटचे पैसे आणि सगळ्यांना एकत्र जमवण्याची दगदग वाचते. ६० महिन्यांपर्यंत लिव्ह अँड लायसन्सचा मुद्रांक दर लागतो; त्यापुढे गेलात तर भाडेपट्ट्याचा जास्त दर लागतो.

लॉक-इन, म्हणजे ज्या काळात कोणीच करार मोडायचा नाही तो काळ, पहिल्या करारात समजू शकतो. दोन-तीन वर्षं राहिलेल्या माणसाला पुन्हा सहा महिन्यांचं लॉक-इन घालण्यात मला अर्थ दिसत नाही.

मसुद्यात काय पाहायचं

तारखा आधी. जुना करार ३१ मे रोजी संपत असेल तर नवा १ जूनला सुरू व्हायला हवा. बरेच जण नवा करार ३१ मे पासूनच धरतात, नाहीतर 'पाच तारखेपासून करू' म्हणून चार दिवस मोकळे सोडतात. दोन्ही चुकीचंच.

डिपॉझिटचं कलम दुसरं. पैसे पहिल्या करारावेळीच तुमच्याकडे आलेले असतात, पण छापील मसुद्यात 'आज दिले' असं येतं. ते बदलून घ्या. साध्या भाषेत असं लिहिता येईल: 'आधीच्या करारानुसार घरमालकाकडे जमा असलेली ८०,००० रुपयांची बिनव्याजी अनामत रक्कम या करारासाठी पुढे चालू ठेवण्यात येत आहे. आज नव्याने कोणतीही रक्कम देण्यात आलेली नाही.' आधीच्या कराराचा दस्त क्रमांक आणि तारीखही टाका. डिपॉझिट वाढवलं असेल तर फक्त वाढीव रक्कम बँकेतून घ्या आणि तिचा व्यवहार क्रमांक लिहा.

बाकी कलमांत मेंटेनन्स कोण देणार, वीजबिल कोणाचं, रंगाचे पैसे कापायचे की नाही आणि किती, किरकोळ दुरुस्ती म्हणजे कितीपर्यंतची, पोटभाडेकरू ठेवायला मनाई, आणि घर सोडल्यावर डिपॉझिट किती दिवसांत परत मिळणार, हे सगळं आकड्यांत लिहा. आमचं ज्यावरून बिनसलं त्या दोन गोष्टी, रंग आणि वाढलेला मेंटेनन्स, आता माझ्या प्रत्येक करारात स्वतंत्र ओळीत असतात.

घर दोघांच्या नावावर असेल तर दोघांच्याही सह्या हव्यात. मूळ मालक वारले असतील तर त्यांच्या नावाने नवा करार होऊ शकत नाही. वारसांनी आधी आपला हक्क कागदावर आणायला हवा. मालक परदेशात असेल तर रीतसर प्रमाणित केलेलं कुलमुखत्यारपत्र लागतं आणि त्याला वेळ लागतो, त्यामुळे तयारी तीन महिने आधीच सुरू करा.

पैशाचा हिशेब

मुद्रांक शुल्क ०.२५ टक्के आहे. ते तीन रकमांच्या बेरजेवर लागतं: पूर्ण मुदतीचं भाडं, परत न करायची काही रक्कम असल्यास ती, आणि परत करायच्या डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के दराने धरलेलं व्याज. हे व्याज नुसतं हिशेबापुरतं असतं, कोणी कोणाला द्यायचं नसतं.

वरच्या उदाहरणात पहिल्या वर्षाचे २,४०,००० आणि दुसऱ्याचे २,६४,००० मिळून भाडं ५,०४,००० रुपये. डिपॉझिट ८०,०००, त्यावर दोन वर्षांचं व्याज १६,०००. बेरीज ५,२०,०००. त्याचे ०.२५ टक्के म्हणजे १,३०० रुपये. डिपॉझिट जुनंच चालू असलं तरी ते हिशेबात धरायचं.

नोंदणी फी महापालिका आणि नगरपालिका हद्दीत १,००० रुपये, ग्रामीण भागात ५०० रुपये. ऑनलाइन नोंदणीत दस्त हाताळणीचं थोडं शुल्क वेगळं लागतं, आणि एजंट घेतला तर त्याची मजुरी. हा खर्च निम्मा-निम्मा वाटून घेण्याची रीत बऱ्याच ठिकाणी आहे. दोन वर्षांच्या कराराला इतकाच खर्च येतो हे पाहिल्यावर नोंदणी टाळण्यात काय वाचतं, ते तुम्हीच ताडून पाहा.

नोंदणी: पंधरा दिवस आधी उरका

नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर लिव्ह अँड लायसन्सची ई-नोंदणी घरबसल्या होते. जिल्हा निवडायचा, मिळकतीची माहिती भरायची, दोन्ही पक्षकारांची माहिती, भाडं, डिपॉझिट, अटी भरायच्या, शुल्क ऑनलाइन भरायचं, मसुदा वाचायचा. मग वेबकॅमवर फोटो आणि यंत्रावर अंगठा. दोन साक्षीदार लागतात आणि त्यांचेही अंगठे घेतले जातात. त्यानंतर दस्त सब-रजिस्ट्रारकडे जातो, ते तपासून नोंदवतात किंवा चूक दाखवून परत पाठवतात. अंगठ्याचं यंत्र घरी नसतं, म्हणून बहुतेक जण अधिकृत सेवा देणाऱ्या एजंटला बोलावतात. तेही ठीकच आहे, फक्त मसुदा स्वतः वाचा.

मिळकतीची माहिती नव्याने टाइप करताना चुका होतात. सर्व्हे नंबर, मजला, क्षेत्रफळ हे आधीच्या कराराच्या इंडेक्स टूवरून (नोंदवलेल्या दस्ताचा अधिकृत गोषवारा) जसंच्या तसं उतरवा. नावं आधारवर जशी आहेत तशीच लिहा. पॅन क्रमांक हाताशी ठेवा.

अंगठा न जुळणं ही नेहमीची अडचण. वयस्कर माणसांच्या बोटांवरच्या रेषा पुसट झालेल्या असतात. हात कोमट पाण्याने धुऊन, पुसून, दुसऱ्या बोटांनी प्रयत्न करून पाहा. अंगठा जुळत नाही हे आधीच माहीत असेल तर आधारच्या संकेतस्थळावरून बायोमेट्रिक लॉक उघडं आहे ना, तेही तपासा. ते बंद असेल तर कोणतंच बोट जुळत नाही. कोणाकडे आधार नसेल तर सब-रजिस्ट्रार ऑफिसात समक्ष जाऊन नोंदणी करावी लागते.

सही झाल्यापासून चार महिन्यांत दस्त नोंदणीसाठी सादर करता येतो, पण त्या सवलतीच्या भरवशावर राहू नका. मी जुना करार संपायच्या पंधरा दिवस आधी हे उरकतो. दस्त परत आलाच तर दुरुस्त करून पुन्हा पाठवायला वेळ हातात असतो.

नोंदणीनंतर

नोंदवलेल्या कराराची प्रत सोसायटीला पत्रासोबत द्या आणि पोच घ्या. सोसायटीची पूर्वपरवानगी लागत नाही, मात्र कळवणं हे सभासदाचं काम आहे. बिनभोगवटा शुल्क (मालक स्वतः राहत नसल्याबद्दल सोसायटी घेते ते) सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त आकारता येत नाही. १ ऑगस्ट २००१ च्या शासन आदेशाने ही मर्यादा घातली आहे. बिलात त्याहून जास्त दिसत असेल तर शांतपणे लेखी विचारा.

भाडेकरूची माहिती पोलिसांना नव्या करारासहित पुन्हा द्या. 'मागच्या वेळी दिली होती' हे पुरेसं नाही, विशेषतः राहणारी माणसं बदलली असतील तर. पोलिसांच्या संकेतस्थळावर ते ऑनलाइन होतं. पावतीची प्रत जपून ठेवा.

कराचंही थोडं. भाड्याच्या उत्पन्नातून भरलेला मालमत्ता कर वजा करून उरलेल्या रकमेवर ३० टक्के प्रमाणित वजावट मिळते. मासिक भाडं ५०,००० रुपयांपेक्षा जास्त झालं तर व्यक्ती म्हणून राहणाऱ्या भाडेकरूलाही २ टक्के टीडीएस (भाड्यातून आधीच कापून सरकारकडे भरायचा कर) कापावा लागतो. मालक अनिवासी भारतीय असेल तर कपातीचे नियम वेगळे आणि दर बराच जास्त, तिथे सीएला विचारूनच भाडं ठरवा.

समोरचा चालढकल करत असेल तर

राहायचं आहे पण सहीला वेळ नाही, असं सांगणारेही भेटतात. अशा वेळी मुदत संपण्याच्या महिनाभर आधी लेखी कळवा की अमुक तारखेपर्यंत नवा करार झाला नाही तर मुदत संपल्यावर घराचा ताबा द्यावा लागेल. स्पीड पोस्टाने पाठवा आणि मेसेजही करा. मुदत उलटून गेली आणि करार झालाच नाही, तर भाडं म्हणून पैसे घेत राहण्याआधी वकिलाचा सल्ला घ्या. ती रक्कम कोणत्या नावाने स्वीकारता, यावर पुढचं बरंच काही ठरतं.

राग आला तरी वीज-पाणी तोडणं, कुलूप बदलणं, सामान बाहेर काढणं यातलं काहीही करू नका. कलम २४ ची वाट तुमच्यासाठी खुली असताना असं काही केलंत तर तक्रारदार तो होतो आणि आरोपी तुम्ही.

जुना करार, नवा करार, इंडेक्स टू, सोसायटीची पोच, पोलिसांची पावती, घराचे फोटो, डिपॉझिटची बँक नोंद हे सगळं एका फाईलमध्ये लावा, एक प्रत भाडेकरूला द्या, आणि नव्या करारातल्या शेवटच्या तारखेच्या नव्वद दिवस आधीची आठवण त्याच दिवशी मोबाइलमध्ये लावून टाका.